ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळला की आधी लॉग वाचा, मग हात लावा

सांगलीकर
लिनक्सवर स्क्रीन काळी पडली की पहिला सल्ला ठरलेला: "ड्रायव्हर काढून पुन्हा टाक." हा सल्ला आता बंद व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झालं. रीस्टार्ट केल्यावर लॉगिन आलंच नाही. काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, बस. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलमध्ये गेलो, 'डीकेएमएस स्टेटस' पाहिलं (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा तयार करणारी सोय). ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये लोड होणारा भाग, जुन्या कर्नलसाठी होतं, नव्यासाठी तयारच झालं नव्हतं, कारण नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या फायली) मशीनवर आले नव्हते. हेडर्स टाकले, मॉड्यूल तयार झालं, स्क्रीन परत आली. ड्रायव्हर दहा वेळा काढून टाकला असता तरी हेडर्सविना तेच झालं असतं.

काम चालू असताना मशीन गोठलं तर रीस्टार्टनंतर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवा. लॉग (मशीनच्या नोंदी) डिस्कवर साठत असेल तर मागच्या बूटचे, म्हणजे आधी मशीन सुरू झालं त्या वेळचे, कर्नलचे संदेश मिळतात. एनव्हिडियाच्या कार्डावर त्यात 'एक्सआयडी' (ड्रायव्हरच्या चुकीचा संकेत) आणि एक आकडा दिसतो. ७९ म्हणजे कार्डाचा बसशी (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गाशी) संपर्कच तुटला. तिथे वीजपुरवठा, तापमान, स्लॉट बघायचा. ३१ म्हणजे कार्डाच्या मेमरीतला पेज फॉल्ट (चुकीच्या पत्त्यावर वाचायचा-लिहायचा प्रयत्न), बहुतेकदा एखाद्या प्रोग्रामची चूक. दोन्हींवर एकच औषध कसं चालेल?

रात्रपाळी
नाही पटलं. माझी बहीण शिक्षिका आहे. परवा रात्री तिची स्क्रीन अशीच गेली आणि सकाळी मुलांचे गुण भरायचे होते. तिला मी फोनवर एक्सआयडीचे आकडे समजावत बसू? "मशीन चालू होताना अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, खालचा जुना कर्नल निवड," एवढंच सांगितलं. मशीन सुरू झालं. ज्याचं काम अडलंय त्याला आधी स्क्रीन द्या.

मोकळा स्रोत
दोघंही वरवरचं बोलताय. लिनक्स कर्नल आतल्या इंटरफेसच्या (ड्रायव्हर कर्नलशी जोडला जातो त्या पद्धतीच्या) स्थिरतेची हमी मुद्दामच देत नाही. कर्नलच्या आत असलेला ड्रायव्हर, बदल करणाराच सोबत दुरुस्त करतो. बाहेरचा मागे राहतो. एएमडीच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर एएमडीजीपीयू २०१५ साली ४.२ कर्नलमध्ये आला, त्याला डीकेएमएसची गरजच नाही. ज्याचा सोर्स कोड खुला नाही असा ड्रायव्हर लोड केला की कर्नलवर 'टेंटेड'चा (डागाळल्याचा) शिक्का बसतो आणि कर्नलवाले तुमच्या तक्रारीत फारसे शिरत नाहीत. मग लॉग वाचून करायचं काय? पुढचं मशीन घेताना कार्ड बघून घ्या, हाच खरा इलाज.

सांगलीकर
@मोकळा स्रोत, कारण बरोबर सांगितलंत, पण इलाज नाही पटला. पैसे साठवून जुना लॅपटॉप घेतलेल्या विद्यार्थ्याला "कार्ड बदल" म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं. शिवाय एनव्हिडियाने २०२२ मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलांचा सोर्स कोड खुला केला, तरी ती कर्नलच्या बाहेरच असल्याने हेडर्सचा घोळ तसाच. आणि एएमडीजीपीयूवरही 'रिंग टाइमआउट' (कार्डाने दिलेलं काम वेळेत न संपवणं) येतो की! तिथे तर लॉग जोडल्याशिवाय तक्रारीला अर्थच नाही.

@रात्रपाळी, जुन्या कर्नलचं मान्य. आधी तेच करावं. पण तिथेच सोडलंत तर कर्नलच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या तिला मिळणार नाहीत. आणि जुना कर्नल चालू केल्यावर '-बी -१' म्हणजे नेमका तो बिघडलेला बूटच असतो. मधे आणखी रीस्टार्ट झाले असतील तर '--लिस्ट-बूट्स'ने शोधा.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. शनिवारी तिच्याकडे जातोय, लॉग काढून इथे टाकतो. पण त्या रात्री मी जे सांगितलं ते आजही तसंच सांगेन.