'वारसा वाटणे' की 'सामाईक वारसा'?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): राजवाड्यांच्या जतनासाठी निरनिराळे देश एकमेकांना कशी मदत करतात, यावर शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहिते आहे. मसुद्यात 'राजप्रासादांचा वारसा जपणे आणि वाटणे' असं आलंय. त्यातलं 'वाटणे' मला खटकतं. आणि प्रासाद, राजवाडा, महाल यांतला कोणता शब्द घ्यावा?

महालातून: ताई, 'राजवाडा' घ्या, मुलांना लगेच कळेल. 'प्रासाद' संस्कृत नाटकात शोभतो. 'महाल' मूळ अरबी, अर्थ जागा किंवा मुक्काम. जुन्या महसुलात तालुक्यासारख्या विभागालाही महाल म्हणत, म्हणून 'महालकरी'. आपल्याकडे नागपुरात तर महाल म्हटलं की आधी त्या नावाची वस्तीच आठवते. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला वाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. वस्तीचं नाव मात्र टिकलं.

फलकावर नेपाळ असेल तर एक सांभाळा. तिथे 'दरबार' म्हणजे राजवाडाच. आपण दरबार 'भरवतो', तिथे तो 'बांधतात'. नेपाळातल्या पाटण शहराच्या दरबारातला केशवनारायण चोक (चोक म्हणजे अंगणाभोवतीचा वाडा) ऑस्ट्रियाच्या मदतीने दुरुस्त झाला आणि १९९७ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूच्या हनुमानढोका दरबारात नऊमजली वास्तूचं काम चीनच्या मदतीने झालं, गद्दी बैठकीचं अमेरिकेच्या. तिथे 'दरबाराची दुरुस्ती' लिहिलंत तर मराठी मुलं बुचकळ्यात पडतील. 'दरबार, म्हणजे राजवाडा' असं एकदा सांगून टाका.

सीताबर्डीवरून: 'वाटणे' तर काढाच. मराठीत वारसा वाटला की वाटणी होते, आणि वाटणी झाली की घर फुटतं. नागपूरला हे सांगायला नको. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, भोसल्यांचे जडजवाहीर लिलावात गेले. पहिल्या रघूजीराजांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने विकत घेऊन परत आणली. 'सामाईक वारसा' म्हणा. सामाईक विहीर जशी, पाणी सगळ्यांचं आणि गाळ काढायची पाळीही सगळ्यांची.

सिव्हिल लाइन्सवरून: भाऊ, शब्द गोड आहे, पण सातबाऱ्यावर 'सामाईक' लिहिलं की प्रत्येकाचा हिस्सा येतो. पाटणच्या चोकात ऑस्ट्रियाचा हिस्सा नाही. युनेस्कोचा १९७२ चा करार यात नेमका आहे: ज्या देशात वास्तू आहे त्याचं सार्वभौमत्व अबाधित राहतं, आणि तिच्या रक्षणासाठी सहकार्य करणं हे साऱ्या आंतरराष्ट्रीय समुदायाचं कर्तव्य ठरतं. म्हणजे मालकी एकाची, जबाबदारी सर्वांची. म्हणून 'सामाईक' हे विशेषण वारशाला न लावता जबाबदारीला लावा.

सीताबर्डीवरून: पटलं. हिश्शाचा विचार मी केला नव्हता.

महालातून: आणखी एक. 'संवर्धन' सरकारी कागदात रुळलंय, पण त्यात वाढवण्याचा अर्थ आहे. पशुसंवर्धनात तो चपखल बसतो. राजवाडा वाढवायचा नाही, आहे तसा टिकवायचा आहे. 'जतन' पुरे. 'जीर्णोद्धार' तर अजिबात नको. देवळाच्या जीर्णोद्धारात नवं शिखर चढलं तरी लोक हात जोडतात, पण जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जिथे अटकळ सुरू होते तिथे पुनर्स्थापनेचं काम थांबायला हवं. पडलेला भाग मुळात कसा होता याचा पुरावा नसेल तर मनाने उभारायचा नाही. तरीही नव्याने उभारलाच, तर 'पुनर्बांधणी' असं स्वच्छ लिहा. मुलांना हा फरक आत्ताच कळायला हवा, कारण पुढे आपले वाडे त्यांच्याच हाती येणार आहेत.

धरमपेठहून: मग फलकाचा मथळा असा करते: 'राजवाड्यांचं जतन: देशादेशांची सामाईक जबाबदारी'. आणि 'वाटणे'च्या जागी?

सिव्हिल लाइन्सवरून: 'सर्वांना पाहता यावा म्हणून खुला करणे'. लांब आहे, पण अर्थ तोच आहे.