मदत हवी आहे : उत्तरायण 22 डिसेंबरला की संक्रांतीला?

लेक सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही सोलापुरात घराच्या गच्चीवर कुंडीत 1 मीटरची काठी ओळंबा धरून उभी केलीय. दुपारची सगळ्यांत आखूड सावली खडूनं आखायची, टेपनं मोजायची. 22 डिसेंबरला 87 सेंमी भरली, संक्रांतीला 81. म्हणजे सूर्य आधीच वळला होता, पुस्तक म्हणतंय तसं.

पण आमचे अण्णा ऐकेनात. "सिद्धेश्वराच्या अक्षता पडल्या की उत्तरायण लागतंय, मला काय शिकवतो?" गड्ड्यावर (संक्रांतीला भरणारी आमची सिद्धेश्वराची जत्रा) पाळण्याच्या रांगेतसुद्धा आजोबा-नातीचं हेच चाललेलं. मी शोधायला गेलो तर सायन, निरयन, संपात, अयनांश असले शब्द अंगावर आले. पोरीला कळेल असं कुणी सांगेल का? (पंचांग विरुद्ध विज्ञान भांडण नको, धागा भरकटतो.)

शिवाय आखूड सावली 12 ला का पडत नाही? डिसेंबरात 12:25 ला पडली, संक्रांतीला 12:35 ला. घड्याळ मोबाइलचंच आहे.

प्रतिसाद :
आधी वेळेचं. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेली, सोलापूर जवळपास 76 वर. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 26 मिनिटं इथंच गेली. उरलेली थोडी मागंपुढं होतात ती पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली म्हणून.

आकाशातली सूर्याची वर्षभराची वाट म्हणजे क्रांतिवृत्त. ते खगोलीय विषुववृत्ताला (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं असं समजा) दोन जागी छेदतं, ते संपात. राशी वसंतसंपातापासून (मार्चमध्ये सूर्य असतो तो संपात) मोजल्या तर सायन, ताऱ्यांच्या आधारानं मोजल्या तर निरयन. पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी डुलते, त्यामुळं संपात साधारण 72 वर्षांत 1 अंश मागं सरकतो. साचलेला फरक म्हणजे अयनांश, सध्या सुमारे 24 अंश. सूर्य दिवसाला जेमतेम 1 अंश चालतो, म्हणून सूर्य वळणं आणि संक्रांत यांत तीनेक आठवड्यांचं अंतर. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्रच यायचं. संक्रांतीला सूर्य निरयन मकरेत जातो हे अण्णांचं खरंच आहे, वळतो मात्र आधी.

धागाकर्ता :
भोवरा फिरवून दाखवला. अण्णा बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "म्हणजे दोन हजार वर्षांनी गड्डा फेब्रुवारीत भरणार की!" हिशेब बरोबर आहे ना?