मदत हवी आहे: क्रुपची तोफ पॅरिसने १८६७ ला पाहिली, मग घेतली का नाही?

मंडळी, पुढच्या रविवारी आमच्या वाचनकट्ट्यावर मला जुन्या औद्योगिक प्रदर्शनांवर बोलायचं आहे. विषय हौसेने मागून घेतला, आता एका जागी अडलोय.

१८५१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रशियातल्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) एसेन शहराच्या पोलाद कारखानदार आल्फ्रेड क्रुपने ओतीव पोलादाचा सुमारे दोन टनांचा एकसंध ठोकळा मांडला. सोबत सहा पौंडी पोलादी तोफही होती, पण पदक मिळालं ठोकळ्याला. १८६७ ला पॅरिसला मात्र त्याने थेट ५० टनांची तोफ नेली, हजार पौंडी गोळा फेकणारी. परीक्षकांनी त्याला सर्वोच्च पारितोषिक दिलं. यजमान होता फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन. तोच सम्राट सप्टेंबर १८७० मध्ये, प्रशियाशी झालेल्या युद्धात, फ्रान्समधल्या सेदानला क्रुपच्या तोफांच्या कड्यात सापडून शरण गेला!

डोळ्यांसमोर ठेवलेली तोफ फ्रेंचांनी घेतली का नाही? नुसता गर्व म्हणून सोडून द्यायला मन तयार नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १
आधी एक गल्लत काढून टाका. पॅरिसचं ते धूड किनाऱ्यावरच्या किल्ल्यासाठी होतं, क्रुपने ते पुढे प्रशियाच्या राजाला भेट दिलं. सेदानला होत्या घोड्यांनी ओढायच्या चार आणि सहा पौंडी, मागून भरायच्या तोफा.

आता फ्रेंचांची बाजू. त्यांच्या ब्राँझच्या, आतून आटे पाडलेल्या पण तोंडाकडून भरायच्या तोफांनी १८५९ ला इटलीत ऑस्ट्रियाला हरवलं होतं. जिंकून देणारं हत्यार कोण मोडीत काढतं? शिवाय १८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धात क्रुपच्या काही तोफा डागताना फुटल्या होत्या, म्हणजे पोलादावरचा अविश्वास अगदीच हवेतला नव्हता. पैसा गेला फ्रेंच पायदळाच्या नव्या शास्पो रायफलींकडे, आणि ती रायफल प्रशियाच्या बंदुकीपेक्षा कितीतरी लांब मारा करायची. १८ ऑगस्ट १८७० ला सँ-प्रिव्हा या फ्रेंच गावाच्या उतारावर प्रशियाच्या गार्ड दलाचे सुमारे आठ हजार जण तिने पाडले.

माझ्या मते खरी मेख फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणाऱ्या कळीत. प्रशियाचा गोळा जमिनीवर आपटला की फुटायचा. फ्रेंचांचा बहुतेक वेळेवर फुटणारा, तोही दोनच ठरावीक अंतरांवर. मधे उभा असलेला शत्रू वाचला!

धागाकर्ता
आभार! माझ्या टिपणात तेच ५० टनांचं धूड सेदानच्या टेकडीवर चढवून ठेवलं होतं, उतरवतो. एक बारकी शंका: चार पौंडी म्हणजे गोळा चार पौंडांचा ना?

प्रतिसाद १
नाही. त्या नळीत बसणारा जुना गोल लोखंडी गोळा चार पौंडांचा, म्हणून ते नाव. लांबट गोळा आला, वजन नऊ पौंडांच्या घरात गेलं, नाव तेच राहिलं. श्रोत्यांपैकी कोणीतरी हे नक्की विचारणार.