केबलचा सेट टॉप बॉक्स बदलला आणि सगळं रेकॉर्डिंग गेलं
'ट्रायच्या (टीव्ही-फोन सेवांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) २०१९ च्या नियमानंतर हवे तेवढेच चॅनल घेता येतात, मग तक्रार कसली' असं वर एकाने केबल टीव्हीबद्दल म्हटलंय. निवड मिळाली हे मान्य, पण तेव्हा एकही पे चॅनल न घेता नुसत्या जोडणीचेच १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १५३ रुपये ४० पैसे जायचे ते विसरून कसं चालेल?

आणि रेकॉर्डिंगबद्दल तर इथे कुणी लिहिलंच नाहीये. आमच्या सेट टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता यायचं, म्हणून आईसाठी दोन वर्षं कीर्तनं, जुनी नाटकं भरून ठेवली होती. मागच्या पावसाळ्यात बॉक्स जळाला, केबलवाल्याने नवीन बसवला आणि पेनड्राइव्ह लावून बघतो तर एकही फाइल उघडेना, लॅपटॉपवरही नाही. विचारलं तर म्हणे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सला लॉक असतं, बॉक्स गेला की संपलं. दर महिन्याला वेळेवर पैसे भरतो, घरातल्या घरातच बघणार होतो, तरी ही अडवणूक! बॉक्स घेताना हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आई अजून विचारते ते कीर्तन लाव ना, काय सांगू तिला.