हत्तीच्या आकाराची गोधडी: सोंडेला चुण्या पडताहेत

सुईदोरा:
भाचीला (वय 11, सुई हातात धरून जेमतेम दोन आठवडे) हत्तीच्या आकाराची गोधडी शिवायचीय. आईची दोन सुती लुगडी आहेत, आत जुनी चादर घालणार. कापड उलटवलं की सोंडेच्या आतल्या बाकाला चुण्या पडतात. आणि बाईसाहेबांना सोंड वरच हवी!

नऊवारी:
अगं, आतल्या बाकाला कातरीने बारीक चिरा दे, शिवणीच्या अगदी जवळपर्यंत, पण टाका तुटू देऊ नकोस. बाहेरच्या गोलाईला छोटे त्रिकोण काप. सोंड चार बोटं तरी रुंद ठेव, नाहीतर उलटवताना जीव जातो. शेपूट वेगळी वेणी घालून शिवणीत अडकव.

टाकाटोका:
मी तर आधी चौकोनी गोधडी करून वर हत्तीचं ठिगळ लावलं असतं. असो. धावदोऱ्याआधी मधून कडेकडे कच्चे टाके घाला, थर सरकत नाहीत.

सुईदोरा:
चिरा दिल्या, सोंड सुटली! ठिगळाला मात्र साफ नकार. भाचीचे टाके तांदळाएवढे नाहीत, चवळीएवढे आहेत. उसवणार नाही.

नऊवारी:
मुळीच उसवू नकोस. कान शिवलेस का?