मदत हवी आहे: जुन्या धाटणीची ६ व्होल्ट बॅटरी नुसती ठेवून किती उतरते, हे कसं मोजावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमच्याकडे आजोबांची १९५०च्या दशकातली विलिस जीप आहे. दसऱ्याला बाहेर निघते, एरवी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. तिच्यासाठी एका जुन्या बॅटरीवाल्या काकांकडून दोन बॅटऱ्या बनवून घेतल्यात, अँटिमनी मिसळलेल्या शिशाच्या प्लेटा घालून. काही जोडलेलं नसताना त्या किती वेगाने उतरतात, हे मला नीट मोजायचंय.

१९१२ साली कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला, त्यानंतर कित्येक दशकं गाड्यांना अशाच प्लेटा असायच्या. अँटिमनीने शिसं कडक होतं, पण तेच हळूहळू निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं आणि बॅटरी आतल्या आत उतरवतं. बॅटरी जुनी होईल तसं हे वाढतच जातं. म्हणून हल्लीच्या कॅल्शियमवाल्या सीलबंद बॅटरीचे आकडे इथे चालणार नाहीत.

बेत असा: दोन्ही फुल चार्ज करायच्या, एक शेडमध्ये आणि एक घरात गार खोलीत ठेवायची, आणि हायड्रोमीटरने (ॲसिड उपसून मोजायची काचेची नळी) प्रत्येक सेलची, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक कप्प्याची, ग्रॅव्हिटी लिहून ठेवायची. ग्रॅव्हिटी म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते; बॅटरी उतरते तशी तीही उतरते. अडचण तापमानाची आहे. अशी बॅटरी २७ अंशांना दिवसाला साधारण एक पॉइंट उतरते (१२६० ची १२५९, म्हणजे पाण्याच्या १.२६० पटीवरून १.२५९ पट), आणि ॲसिड १० अंशांनी तापलं तर नुसत्या उष्णतेनेच रीडिंग ७ पॉइंट खाली दिसतं. म्हणजे आठवड्याभराची घट एका दुपारच्या उन्हात हरवली! माझ्या हायड्रोमीटरवर खुणाही ५-५ पॉइंटांच्या आहेत.

तर रीडिंग किती दिवसांनी घ्यावं? मधे पाणी घातलं तर चालेल का? आणि काका म्हणतात बॅटरी फरशीवर ठेवू नकोस, उतरते. खरंय का?

प्रतिसाद:

आठवड्यातून एकदा, पहाटे घ्या. ॲसिडमध्ये थर्मामीटर बुडवून दर अंशाला ०.७ पॉइंटची दुरुस्ती करून सगळी रीडिंगं २७ अंशांवर आणा. उपसलेलं ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडा. चार्जिंगनंतर पहिलं रीडिंग एक दिवस थांबून. पाणी मधे घालू नका, ग्रॅव्हिटी पडते आणि हिशेब बिघडतो. सुरुवातीलाच पातळी भरून घ्या.

फरशीचं म्हणाल तर लाकडी पेटीच्या काळात त्यात तथ्य होतं, ओलसर लाकडातून करंट गळायचा. आता बघायचं ते झाकण. मीटरची एक पिन टर्मिनलला आणि दुसरी झाकणावर टेकवा. व्होल्ट दिसले तर वरच्या ॲसिडच्या ओलीतून बॅटरी उतरतेय. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा, बुचं मात्र घट्ट ठेवा, सोडा आत गेला तर सेल गेला.

१२०० च्या खाली जाऊ देऊ नका, प्लेटांवर सल्फेट (बॅटरी उतरताना बनणारा शिशाचा क्षार) घट्ट बसतं.

धागाकर्ता: मीटरने बघितलं, शेडमधल्या बॅटरीच्या झाकणावर व्होल्ट दिसतायत. पुसून, चार्ज करून नव्याने सुरू करतो. दोन्हींचे आकडे इथेच देत राहीन.