मदत हवी आहे : दक्षिण बाडेनच्या हौशी फुटबॉल लीगची जुनी गुणतालिका कुठे मिळेल?

जर्मनीतल्या दक्षिण बाडेनच्या हौशी लीगचा (आमाटूरलीगा झ्यूडबाडेन) इतिहास मराठीत लिहितोय. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर बाडेन अमेरिकेच्या ताब्यात गेला, तर दक्षिण बाडेन फ्रान्सच्या. १९५२ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग हे एकच राज्य झालं, पण फुटबॉल संघटना आजही तीन आहेत. मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो.

जर्मन फुटबॉलमधल्या लीगच्या पायऱ्यांचा हिशोब लागला आहे. १९५० पासून १९७८ पर्यंत ही तिसरी पायरी. १९७८ ला वर ओबरलीगा ही नवी लीग आली आणि ही फरबांड्सलीगा नावाने चौथी झाली. १९९४ मध्ये पाचवी, २००८ मध्ये सहावी. लीग तिथेच, वर मजले चढत गेले.

अडलंय ते १९५० ते १९६३ या काळात. विजेत्यांची यादी आहे, पण पूर्ण गुणतालिका नाही. आंतरजालावरची संकलनं पाहिली, क्लबांचे वर्धापनदिन अंकही चाळले. त्यात फक्त आपापल्या क्लबचं स्थान असतं. ‘किकर’ या जर्मन फुटबॉल नियतकालिकाचे जुने अंक सुचवू नका, तेही बघून झालेत. जर्मन वाचता येतं, जुनी गॉथिक लिपीसुद्धा. मात्र सध्या पुण्यात असल्याने दक्षिण बाडेनमधल्या फ्रायबुर्ग शहरात जाणं शक्य नाही. स्कॅनचे पैसे द्यायला तयार आहे.

सोमवारच्या अंकात खालच्या लीगच्या तालिका छापणारी त्या भागातली कोणती दैनिकं होती, आणि त्यांचे अंक कुठलं ग्रंथालय किंवा अभिलेखागार परदेशी स्कॅन करून पाठवतं?